लाकडी गुंड्यांचा कोट

त्या वर्षी पाऊस नुसते तोंड दाखवून गेला आणि थंडी मात्र वेळेआधीच येऊन बसली. माळावरचे गवत वाट पाहून पाहून मुळाशीच करपले. विहिरीत सोडलेली बादली गाळ घेऊन वर येऊ लागली, तेव्हापासून पाण्याची गाडी एक दिवसाआड येई आणि दारापुढची दोन पिंपे भरून जाई. एक मेंढ्यांचे, एक माणसांचे. माणसांचे पिंप आधी सरे, कारण मेंढपाळ त्यातलेही पाणी चोरून मेंढ्यांना घाली. मेंढ्या व्यायला आल्या होत्या. दाट लोकरीतून हात घातला तरी त्यांच्या बरगड्या बोटांना लागत, आणि कासा रिकाम्या पिशव्यांसारख्या लोंबत.

अशा दिवसांत शहरातून बहिणीचा फोन आला. वरच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाने सुट्टीत कुठेतरी राबून यावे, काम कशाला म्हणतात ते पाहून यावे, असे तिच्या मुलीच्या शाळेने काढले होते. कुणाला औषधांचे दुकान मिळाले, कुणाला छापखाना. या मुलीला कुणीच घेतले नव्हते.

"तुझ्याकडे पाठवू का?" बहीण म्हणाली. "लाड करू नकोस. कामाला लाव. आणि..." ती जरा अडखळली. "वहिनीला चालेल ना रे?"

मेंढपाळाने बायकोकडे पाहिले. ती चुलीपुढे बसून विझत आलेल्या निखाऱ्यांवर फुंकर घालत होती. तिच्या कानावर बोलणे पडत होते की नाही, हे तिच्या पाठीवरून कळत नव्हते.

"चालेल की," तो म्हणाला. "ती कशाला नको म्हणेल?"

खरे तर ती कशालाच हो किंवा नको म्हणत नव्हती. त्यांची एकुलती एक लेक मागल्या साली पावसाळ्यात तापाने गेली होती. दवाखान्याच्या वाटेवर गाडी चिखलात रुतली, तेव्हा बापाने पोरीला खांद्यावर घेतले आणि तो चालत सुटला. चालता चालता तिचे अंग हळूहळू निवत गेले. ताप उतरतो आहे, असे त्याला वाटले. मागून धापा टाकत येणाऱ्या बायकोला तो तसे ओरडून म्हणालाही होता. त्या एका वाक्याबद्दल ती त्याला कधी काही बोलली नाही. ती हळूहळू सगळेच बोलायची थांबली. मेंढवाड्याकडे तर ती फिरकलीच नाही. आणि पूर्वी मेंढी अडली की चार वस्त्यांवरून तिलाच बोलावणे येत असे, कारण तिचा हात लहान होता आणि त्या हाताला अंधारातले सगळे दिसे.

लेकीचा कोट दारामागच्या खुंटीवर टांगलेला होता. जाड तपकिरी लोकरीचा, गुडघ्यापर्यंत येणारा, लाकडी गुंड्यांचा. एक गुंडी हरवली, तेव्हा लेकीने झाडाची फांदी तासून स्वतःच नवी बसवली होती. ती थोडी वाकडी होती. कोट धुतलेला नव्हता आणि धुवायचा नव्हता. तसे घरात कुणी ठरवले नव्हते, पण दिवेलागणीला दार लावताना बायको क्षणभर दारामागे थांबे, आणि तिचे तोंड त्या कॉलरमध्ये बुडालेले असे. मेंढपाळ त्या वेळी बाहेर काही ना काही शोधत राही. पहाटे ती उठण्याआधी तोही तिथे थांबतो, हे त्याने तिला सांगितले नव्हते. धूर, दूध, ओली लोकर, केसांचे तेल, आणि त्या सगळ्याच्या खाली आणखी काहीतरी. त्याला नाव नव्हते.

भाची आली ती दुपारच्या गाडीने. गाडीवाला हॉर्नवरचा हात कधी उचलत नसे, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत. त्याने तिची बॅग खाली ठेवली आणि म्हणाला, "घ्या, तुमची नवी नोकरदार. वाटेत तीनदा विचारलं, मेंढ्या चावतात का."

"दोनदाच विचारलं," मुलगी म्हणाली. उंच, सडपातळ, नाकाचा शेंडा थंडीने लाल झालेला. अंगात एक चकचकीत पातळ जाकीट, त्याची चेन अर्ध्यावरच अडकलेली. ती वाकून मामाच्या पाया पडू लागली, तेव्हा तिचे दात वाजत होते.

"ह्याला जाकीट म्हणतात?" मेंढपाळ हसला. "यापेक्षा कांद्याचं साल जाड असतं."

"आमच्याकडे हेच थंडीचं असतं, मामा."

तेवढ्यात बायको दारात आली. तिने भाचीकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. मग ती आत वळली, आणि दाराची फळी हलल्याचा आवाज झाला. मेंढपाळाने उचललेली बॅग त्याच्या हातातच राहिली. बायको बाहेर आली ती कोट घेऊन. तिने तो झटकला नाही. भाचीच्या मागे उभी राहून तिने एकेक हात बाहीत घातला, पुढे येऊन गुंड्या लावल्या, खालून वर. वाकड्या गुंडीपाशी तिची बोटे थोडी रेंगाळली.

"मामी, हा ताईचा ना?" भाची हळूच म्हणाली.

"थंडी आहे," मामी म्हणाली. कित्येक दिवसांत ती आपणहून बोललेले ते पहिले वाक्य होते.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले. भाचीला पहाटे उठवावे लागे, पण एकदा उठली की ती मागे हटत नसे. लेंड्या झाडणे, पिंपातून पाणी मोजून घालणे, दूध न मिळालेल्या कोकरांना बाटली धरणे. पहिल्या दिवशी कोकराने बाटलीऐवजी तिचे बोट धरले आणि ती किंचाळली, तेव्हा मेंढ्यांचा अख्खा घोळका भिंतीला जाऊन चिकटला.

"काय हे," मेंढपाळ म्हणाला. "लांडगा आला तरी त्या इतक्या घाबरत नाहीत."

"मामा, तुम्ही माझ्या शाळेत सांगू नका हं. वर्गातली एक मुलगी बँकेत बसते. गार हवेत, फिरत्या खुर्चीवर. मी सगळ्यांना सांगितलंय की मी पशुपालन केंद्रात आहे."

"मग बरोबरच आहे की. हे केंद्र आणि मी साहेब. जा, साहेबांसाठी पेंडीचं पोतं उचलून आण."

तिच्या बोलण्याने घरात पुन्हा आवाज आला. जेवताना ती शाळेतल्या बाईंची नक्कल करी, आणि बायकोच्या ओठांचे कोपरे हलत. ती पाण्याची बादली घेऊन मेंढवाड्याकडे निघाली, की बायको दारात येऊन उभी राही आणि पाठमोऱ्या कोटाकडे पाहत राही. भाची वळून हात करी. वळलेला चेहरा दुसराच असे, आणि बायको लगबगीने आत जाई. मेंढपाळाला ते दिसे. पण थोड्या वेळाने ती पुन्हा दारात येई, हेही त्याला दिसे, आणि तेवढ्यावर तो आशा बांधू लागला. उन्हाळ्याच्या सुट्टीतही पोरीला पाठव, असे बहिणीला म्हणायचे त्याने मनाशी ठरवले.

एका सकाळी काळतोंडी अडली. ही त्याची सगळ्यात थोराड मेंढी, तोंड काळे आणि बाकी पांढरी. ती पाय ताणून पडली होती आणि तिची नजर कुठेच लागत नव्हती. मेंढपाळाने हात धुतला, पण त्याचा पंजा फावड्यासारखा, आत शिरेना.

"तू घाल," तो भाचीला म्हणाला.

"मी? मामा, मला नाही... काय घालू? कुठे?"

"हात. तेल लाव कोपरापर्यंत. बाह्या वर कर."

भाचीने बाह्या वर केल्या. कोपरापर्यंत तेल चोळले. मेंढी कण्हली आणि तिने हात मागे घेतला. "तिला दुखतंय. मला नाही जमणार. मामा, डॉक्टरांना बोलवा ना."

"डॉक्टर यायला संध्याकाळ होईल."

तेव्हा कुंपणाचे फाटक वाजले. बायको आत आली. तिच्या पायांत चपला नव्हत्या. ती भाचीच्या मागे गुडघ्यांवर बसली, आपला हात तिच्या हातावर धरला आणि म्हणाली, "घाबरू नको. बोटं मिटून घे, अशी. आत जा सावकाश. काय लागतंय?"

"मऊ आहे... हाड आहे... पाय आहे का हा?"

"पुढचा की मागचा? सांधा कुठे वळतो बघ."

"पुढचा. एकच आहे. दुसरा नाहीये."

"मागे मुडपलाय. शोध त्याला. खूर तुझ्या मुठीत धर, म्हणजे तिला आत टोचणार नाही. आता ओढ, ती जोर करेल तेव्हाच. थांब. हां, आता."

भाची रडत होती आणि ओढत होती. पाणी, रक्त, चिकट पदर, सगळे कोटावर आले. कोकरू बाहेर पडले ते ओल्या फडक्यासारखे. बायकोने त्याचे नाक साफ केले, त्याला उलटे धरून झुलवले, छाती चोळली, तोंडात फुंकर घातली. ती बराच वेळ चोळत राहिली. शेवटी मेंढपाळाने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"अगं, राहू दे आता."

"माझ्यामुळे?" भाचीने विचारले. "मी उशीर केला म्हणून?"

"नाही गं," बायको म्हणाली. "ते आधीच गेलं होतं. तू मेंढी वाचवलीस."

त्याच आठवड्यात दुसरी एक मेंढी व्याल्यावर उठली नव्हती, आणि तिचे कोकरू बाटलीवर होते. मेंढपाळ ते घेऊन आला आणि त्याने ते काळतोंडीपुढे ठेवले. तिने हुंगले. पुन्हा हुंगले. मग मान फिरवली, आणि कोकरू कासेशी गेले तेव्हा त्याला डोक्याने भिंतीवर उडवले.

"किती दुष्ट आहे!"

"दुष्ट नाही. तिचं नाही ते, एवढंच. डोळे काहीही सांगोत, ही जात नाकाचं ऐकते."

त्याने मेलेले कोकरू बाजूला नेले. सुरीला दगडावर धार लावली. अंगरखा उतरवावा तसे त्याने त्याचे कातडे सोलले, पायांची भोके जिथल्या तिथे ठेवून. भाचीने तोंड फिरवले आणि पुन्हा वळवून पाहिले. ते ओले कातडे त्याने जिवंत कोकराच्या अंगावर चढवले. चारही पाय भोकांतून काढले, पोटाखाली दोरी बांधली. कोकरू लटपटत काळतोंडीपाशी गेले. तिने शेपटीपाशी हुंगले. पुन्हा हुंगले. मग तिच्या घशातून खालच्या सुरातला, खोल घरघराट निघाला आणि ती ते कातडे चाटू लागली.

भाची कोटाच्या खिशात हात घालून उभी होती. बायकोने एकदा कोकराकडे पाहिले, एकदा कोटाकडे, आणि ती पाण्याच्या पिंपाकडे चालती झाली.

भाचीने कोकराचे नाव भाडेकरू ठेवले. "दुसऱ्याच्या घरात राहतो, दुसऱ्याचे कपडे घालतो, आणि जेवण फुकट," ती म्हणे. "माझ्यासारखाच." बायको त्यावर हसली, आवाज करून. मेंढपाळाने ते हसू मेंढवाड्याच्या दुसऱ्या टोकावरून ऐकले आणि हातातले काम विसरून तो तसाच उभा राहिला. त्या दिवसापासून बायको रोज फाटक उघडून आत येऊ लागली. भाचीही कधी 'मामी, तुम्ही' म्हणायची सोडून 'मामी, तू' म्हणू लागली, ते तिला स्वतःलाही कळले नाही.

कातड्याला कुजका वास येऊ लागण्याआधी मेंढपाळाने ते कापून काढले. भाची श्वास रोखून बसली होती. काळतोंडीने उघड्या कोकराला हुंगले आणि पाय फाकवून दूध दिले.

"आता तर अंगावर ते कातडं नाहीये. हिला कळत कसं नाही?"

"हिचंच दूध त्याच्या अंगात मुरलंय," मेंढपाळ म्हणाला. "आता वास हिचाच येतो."

जायचा दिवस जवळ आला, तशी भाची अंघोळीला उगाच कमी पाणी घेते आहे, हे मेंढपाळाच्या लक्षात आले. पाण्याची गाडी आली की प्रत्येकाच्या वाट्याला एक बादली येई. भाची तिच्यातले तांब्याभर घेऊन तोंड, हातपाय धुई आणि उरलेले मागच्या पडवीतल्या हंड्यात नेऊन ओती.

"काय गं, शहरातल्या लोकांना अंघोळीचा विसर पडला वाटतं?" त्याने चेष्टा केली.

"गंमत आहे, मामा. विचारू नका."

मेंढ्यांना घालायला साठवत असेल, असे त्याला वाटले, आणि त्याचा ऊर भरून आला. त्याने विचारले नाही.

ती निघायच्या आदल्या दिवशी तो आणि बायको दोघे मिळून ओढ्याकाठच्या झाडांचा पाला उतरवायला गेले. किती तरी दिवसांनी दोघे एका कामावर होते. तो वर चढून फांद्या छाटत होता, ती खाली गोळा करत होती. मध्येच ती वर पाहून म्हणाली, "अहो, पोरगी चांगली आहे."

"हं."

"हात माझ्यासारखा आहे तिचा. लहान."

"उन्हाळ्यात बोलवू या का परत?"

ती पाल्याची मोळी बांधत राहिली. बांधून झाल्यावर म्हणाली, "बोलवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी लांबूनच भोंग्याचा हॉर्न ऐकू येऊ लागला. भाची आपले चकचकीत जाकीट घालून बाहेर आली. तिच्या हातात कोट होता, चौकोनी घडी घातलेला, बाह्या आत दुमडलेल्या, गुंड्या वर दिसतील अशा. त्याच्यावर एका कागदात खिशातल्या वस्तू ठेवल्या होत्या. सुतळीचा तुकडा, केसांची पिन, कसलीशी वाळकी बी.

"मामी, बघ," ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते.

मामीने कोट घेतला. घेता घेताच तिला कळले. मेंढपाळाने तिच्या नाकपुड्या हललेल्या पाहिल्या. तो दोन पावलांवर होता. साबणाचा स्वच्छ, थंड, परका वास त्याच्यापर्यंतही आला.

"धुतलास?" बायकोने विचारले.

"हो! काल तुम्ही पाला आणायला गेलात ना, तेव्हा. रक्ताचे डाग पडले होते, किती घाण झाला होता माझ्यामुळे. मी माझं अंघोळीचं पाणी साठवलं होतं, तुमच्यातलं अजिबात नाही घेतलं. तीनदा साबण लावला. वारा होता म्हणून वाळला, फक्त शिवणीत जरा ओल आहे. आई म्हणते, कुणाची वस्तू घेतली तर धुतल्याशिवाय परत द्यायची नाही." ती थांबली. "चांगला निघालाय ना?"

मेंढपाळ एक पाऊल पुढे झाला.

बायकोने कोटाच्या घडीवरून हात फिरवला. कडेची एक सुरकुती सरळ केली.

"नवा केलास गं," ती म्हणाली.

"खरंच?"

"खरंच. इतका स्वच्छ मलासुद्धा धुता आला नसता." मग तिने भाचीच्या जाकिटाची अडकलेली चेन दोन्ही हातांनी धरली, हिसका न देता हळूहळू सोडवली आणि गळ्यापर्यंत वर ओढली. "उन्हाळ्यात ये. कपडे फार आणू नकोस."

भाची तिच्या गळ्यात पडली. मग मेंढवाड्यात धावत जाऊन भाडेकरूचा निरोप घेऊन आली, आणि गाडी हॉर्न वाजवत उतारावरून दिसेनाशी झाली. धूळ खाली बसेपर्यंत बायको हात वर धरून उभी होती.

दिवसभर दोघांनी कामे केली. कोट घरात खाटेवर होता. त्या बाजूला कुणी गेले नाही. मेंढपाळाने पाणी घातले, पेंड फोडली, काळतोंडीची कास चाचपली. लेकीला खांद्यावर घेऊन चाललेली ती वाट त्याला पुन्हा पुन्हा आठवत होती.

दिवस कलला तशी बायको कोट घेऊन बाहेर आली. ती खुंटीकडे गेली नाही. मेंढवाड्यात येऊन तिने कोट उकलला आणि कोकरे झोपत त्या गवतावर पसरला. कोकरे त्यावर येऊन बसली. ती त्यांना त्याच्यावर घोळवत राहिली, त्यांची अंगे अस्तरावर चोळत राहिली. मग काळतोंडीच्या कासेखाली ओंजळ धरून तिने थोडे दूध काढले आणि ते बाह्यांना पुसले.

मेंढपाळ पाहत होता. हे काम त्याला ठाऊक होते. जन्मभर त्याने तेच केले होते. तो घरात गेला. चुलीतले निखारे लोखंडी पाटीत घेतले, वर ओला पाला टाकला आणि धूर धरला तशी पाटी घेऊन आला. फडताळाच्या मागच्या बाजूला लेकीच्या तेलाची बाटली होती, तळाशी बोटभर तेल राहिलेली. तीही त्याने आणली. बायकोने त्याच्याकडे पाहिले. दोघांनी कोटाची टोके धरून तो धुरावर ताणला, एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि धूर होता म्हणून कुणाला पुसावे लागले नाही. शेवटी तिने तळहातावर तेल ओतले आणि कॉलरच्या आतल्या बाजूला चोळले, बोटांच्या टोकांनी, केसांच्या मुळांशी चोळावे तसे.

मग ती गवतावर बसली. तिने कोट मांडीवर घेतला. मेंढपाळ कुंपणाला टेकून उभा राहिला. असाच तो प्रत्येक हंगामात उभा राहत आला होता, हालचाल न करता, श्वास लहान करून, कारण अशा वेळी जरा जरी आवाज झाला तरी सगळे बिघडते.

तिने कॉलर उचलून चेहऱ्याशी नेली. हुंगली.

पुन्हा हुंगली.

मग मान फिरवली.